तीन मोजेपर्यंत

लिफ्टवाल्याच्या बायकोला आधी वाटलं, नवऱ्याला ऐकू कमी यायला लागलंय. "कांदे संपलेत, येताना आणाल का?" असं तिने विचारलं आणि तो नुसता तिच्या तोंडाकडे बघत राहिला. उत्तर आलं, पण जरा वेळाने. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिने बहिणीला फोन लावला.

"ह्यांचं काहीतरी बिनसलंय," ती दबक्या आवाजात म्हणाली. "मी बोलते ते पूर्ण ऐकून घेतात."

लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुलीलाही शंका आली. फोनवर ती म्हणाली, "बाबा, लाइन गेली का?"

"नाही. मोजत होतो."

"काय मोजत होता?"

एक, दोन, तीन. "तीनपर्यंत," तो म्हणाला.

हे मोजणं त्याने वयाच्या चोपन्नाव्या वर्षी अंगी बाणवायला घेतलं होतं आणि ते त्याच्या स्वभावाच्या पार विरुद्ध होतं. ज्या रेडिओ मंडळात तो होता, तिथे त्याचं टोपणनाव 'अखंड' होतं. एकदा बोलायला लागला की मध्ये बोट घालायला फट सापडायची नाही, म्हणून ते नाव पडलं होतं. त्याला ते लागत नसे. उलट बोलणं हे आपल्या धंद्यातलं एक हत्यार आहे, असं तो पान्याच्या आणि ग्रीसच्या डब्याच्या बरोबरीने सांगायचा. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला बाहेर काढायला कधी दहा मिनिटं लागतात, कधी पाऊण तास. तेवढा वेळ दाराबाहेरून बोलत राहायचं, हे त्याला उस्तादाने पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. काय बोलता याला महत्त्व नाही, फक्त थांबायचं नाही. सत्तावीस वर्षं तो हे करत होता. एका कारकुनाला त्याने पन्नास मिनिटं स्वतःच्या सासऱ्याच्या मोटारसायकलची गोष्ट सांगितली होती. बाहेर आल्यावर कारकून म्हणाला, "लिफ्टचा त्रास झाला नाही हो. गोष्टीचा झाला."

रेडिओच्या नादाला तो लागला तोही लिफ्टमुळेच. लिफ्टचं यंत्र इमारतीच्या डोक्यावर एका लहान खोलीत असतं, त्यामुळे लिफ्टवाल्याचं निम्मं आयुष्य गच्च्यांवर जातं. एका गच्चीवर त्याला बांबूला ताणून बांधलेली तांब्याची तार दिसली. कपडे वाळत घालायला एवढी चांगली तार कोण वापरतं, असं त्याने खाली जाऊन विचारलं. दार उघडलं ते तार ऑफिसातून नुकत्याच निवृत्त झालेल्या बाईंनी. त्यांनी त्याला आत नेऊन टेबलावरचा सेट दाखवला आणि एकही शब्द न बोलता चार हजार किलोमीटरवरच्या कुणा माणसाचा आवाज ऐकवला. तारबाईंनी त्याच्याकडून परीक्षेची तयारी करून घेतली, परवाना काढायला लावला आणि आपल्या हॅम रेडिओ मंडळात, म्हणजे हौशी बिनतारीवाल्यांच्या मंडळात, ओढलं. याला आता एकोणीस वर्षं झाली.

मंडळ म्हणजे वीस-बावीस माणसं. कुणी शिक्षक, कुणी गवंडी, एक ड्रायव्हिंग शिकवणारी बाई, टेकडीवरच्या वृद्धाश्रमातला कंपाउंडर. दर रविवारी दहा ते अकरा सगळे आपापल्या घरी मेन स्विच खाली पाडत, बॅटरीवर सेट लावत आणि एकाच वाहिनीवर एकमेकांना संदेश देत. वीज गेली, तिच्यामागून फोनही गेले, तर दवाखाना, पूल, पाण्याची टाकी आणि टेकडी यांच्यात निरोप चालू राहावेत, एवढाच उद्देश. एक जण खुर्चीत बसून कुणी कधी बोलायचं ते ठरवी. त्याला कंट्रोल म्हणत. पंधरा वर्षं कंट्रोलची खुर्ची लिफ्टवाल्याकडे होती. भरघोस आवाज, न थकणारी जीभ. खुर्चीसाठी जन्माला आलाय, असं लोक म्हणत आणि त्यालाही ते पटलं होतं.

दोन वर्षांपूर्वी वादळाने विजेचे तीन मनोरे आडवे केले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनही मुके झाले. लिफ्टवाल्याने दवाखान्याच्या गच्चीवर सेट मांडला आणि सकाळी आठपासून सलग अकरा तास कंट्रोल चालवला. एकशे चाळीस संदेश गेले-आले. घसा बसला. दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरीणबाईंनी स्वतः येऊन पाणी दिलं. त्याला वाटलं, आजवर केलेल्या सगळ्या रविवारांचं चीज झालं.

आठ दिवसांनी शाळेच्या एका वर्गात मंडळाची बैठक झाली. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन सगळे बसले होते. तारबाईंनी टेबलावर रेकॉर्डर ठेवला. त्या टेकडीच्या पायथ्याशी राहत आणि त्या दिवशीचं सगळं बोलणं त्यांनी घरच्या सेटला रेकॉर्डर जोडून टिपून ठेवलं होतं. पहिली काही मिनिटं लिफ्टवाला खुशीत ऐकत होता. मग तारबाईंनी टेप मागे नेला आणि म्हणाल्या, "आता स्वतःचं सोडा. मागे काय आहे ते ऐका."

मागे कंपाउंडर होता. बॅटरी संपत आलेला हातातला सेट घेऊन तो टेकडीवरून हाक देत होता. 'कंट्रोल, टेकडी.' ज्याला हाक द्यायची त्याचं नाव आधी, आपलं नंतर. दर वेळी त्याच क्षणी लिफ्टवाल्याने बटण दाबलेलं होतं. बटण दाबून बोलत असताना सेट बहिरा असतो; बोलणाऱ्याला दुसऱ्या कुणाचं काही ऐकू येत नाही. कुणाचा निरोप संपला की लिफ्टवाला श्वासही न घेता उत्तर देत होता, आणि हाक मारायला जी फट लागते ती त्याने चाळीस मिनिटांत एकदाही ठेवली नव्हती. चौदा हाका बुडाल्या. शेवटी कंपाउंडर सायकलवरून पडलेल्या झाडांच्या फांद्यांमधून वाट काढत खाली आला, तेव्हा कुठे वृद्धाश्रमातल्या दम लागलेल्या एका आजोबांना ऑक्सिजनचं सिलिंडर मिळालं.

"ते आजोबा वाचले," तारबाई म्हणाल्या. "ही त्यांची चिवट प्रकृती. आपली कर्तबगारी नव्हे."

कंपाउंडर खाली मान घालून नखं बघत होता, जणू चूक त्याची होती. पुढच्या महिन्याच्या तक्त्यात कंट्रोलसमोर ड्रायव्हिंगबाईंचं नाव आलं. लिफ्टवाल्याने कारण विचारलं नाही.

तो मंडळ सोडेल असं बऱ्याच जणांना वाटलं होतं. त्याने सोडलं नाही. पुढच्या रविवारी तो टेकडीवर गेला. वृद्धाश्रमाच्या छपरावर सहा मीटरचा लोखंडी खांब उभा करायला त्याला तीन रविवार लागले. त्यावर अँटेना चढवली, खाली मोटारीची बॅटरी ठेवली, तिला सौर पॅनेल जोडलं. कंपाउंडर शिडी धरून उभा असे.

"दादा, एवढं कशाला? माझं हातातल्या सेटवर भागतं."

"भागलं ते ऐकलं मी," लिफ्टवाला म्हणाला आणि त्या दिवशी आणखी काही बोलला नाही. कंपाउंडरने हे नंतर बरेच दिवस लोकांना सांगितलं.

यंदाच्या वार्षिक सरावाच्या महिनाभर आधी तारबाईंनी त्याला घरी बोलावलं. कानातलं यंत्र नीट करत त्या म्हणाल्या, "मला आता बारीक आवाज सापडत नाहीत. टेप मोठा करून ऐकावा लागतो. तेव्हा पुढच्या वर्षाचा तक्ता करून मी मोकळी होणार. सरावाला कंट्रोल तुम्ही बसा. दोन तास. मी शेजारी बसून टिपणार."

"बसतो."

"आधी ऐका. प्रत्येक निरोप संपल्यावर तीन मोजायचे, मग बटण. एक हाक जरी बुडाली, तरी तक्त्यात तुमचं नाव कंट्रोलसमोर पुन्हा येणार नाही. माझ्यानंतरही येणार नाही, तसं मी लिहून ठेवीन."

त्या दिवसापासून घरात मोजणं सुरू झालं. तीन ही फार लहान संख्या आहे असं त्याला वाटायचं. आता कळलं की दोनपाशीच जीभ उचल खाते. पहिल्या आठवड्यात तो हातावर चिमटे काढायचा. बायकोला त्याने कारण सांगितलं तेव्हा ती हसली नाही. ती म्हणाली, "तीस वर्षांत माझं वाक्य पहिल्यांदा शेवटपर्यंत गेलं. सराव झाल्यावर बंद करू नका." मग तिनेही मनावर घेतलं. मुद्दाम अर्ध्यावर थांबायची, तो तोंड उघडतो का ते बघायची आणि उघडलं की बोटाने टेबलावर टकटक करायची. दहाव्या दिवशी टकटक कमी झाली. विसाव्या दिवशी पूर्ण दुपार ती टकटक करायला टपून बसली आणि तिला संधी मिळाली नाही.

सरावाचा रविवार उजाडला. दवाखान्यालाही आपला जनरेटर तपासायचा होता, म्हणून अकरा वाजता मुख्य वीज बंद करायची, साडेअकराला चालू करायची आणि पावणेबाराला पुन्हा बंद करायची असं ठरलं होतं. पुढची लिफ्ट जनरेटरवर चालायची, मागची नाही. वीज घालवण्याआधी मागची लिफ्ट तळमजल्यावर आणून किल्लीने बंद करणं हे दर वर्षी लिफ्टवाल्याचं काम. यंदा तो साडेनऊपासून दवाखान्याच्या गच्चीवरच्या खोलीत सेट मांडत होता. बॅटरी दोनदा तपासली, अँटेनाची तार तीनदा. मागच्या लिफ्टचं त्याने पहारेकऱ्याला सांगितलं.

"खाली आणून ठेव आणि 'बंद'ची पाटी लाव."

"लावतो साहेब," पहारेकरी म्हणाला, आणि त्याने ती लावली. तळमजल्यावर.

अकराला सराव सुरू झाला. प्रत्येक निरोपाची सुरुवात 'सराव' या शब्दाने करायची, म्हणजे कुणी खऱ्या संकटाची बातमी समजू नये. आणि खरंच काही घडलं तर 'सराव नाही' असं दोनदा म्हणायचं, हा मंडळाचा नियम. पूल बोलला, पाण्याची टाकी बोलली, टेकडी बोलली. लिफ्टवाला प्रत्येकानंतर डाव्या हाताची बोटं मांडीवर एकेक करून टेकवत होता. मग बटण. त्याचे निरोप आता अर्ध्या लांबीचे झाले होते. शेजारी तारबाई डोळे मिटून, रेकॉर्डरवर हात ठेवून बसल्या होत्या. ड्रायव्हिंगबाई कमरेला हातातला छोटा सेट लावून, कागदावर उतरलेले निरोप घेऊन जिन्याने खालच्या वॉर्डांत पोचवत होत्या आणि धापा न टाकता परत येत होत्या. लिफ्टवाल्याला गरज पडली तर खुर्ची सांभाळायची तीही त्यांनीच.

साडेअकराला वीज आली, पावणेबाराला पुन्हा गेली. बाराला दहा कमी असताना पुलावरचा गवंडी पाण्याच्या पातळीचा निरोप सांगून थांबला. लिफ्टवाल्याचं पहिलं बोट टेकलं. दुसरं टेकलं. तिसरं टेकायच्या आत सेटमध्ये खरखर झाली. शब्द नव्हते. खिडकीशी पान घासावं तेवढाच आवाज.

त्याने बटण दाबलं. "सगळे थांबा. आत्ता कुणी हाक दिली, पुन्हा द्या."

तीन गेले. पाच गेले. "कंट्रोल, पूल, माझा निरोप पोचला का?" गवंडी म्हणाला.

"पूल, थांबा."

पुन्हा शांतता. दहा, अकरा, बारा. दोन्ही हातांची बोटं संपली म्हणून त्याने ती पुन्हा पहिल्यापासून धरली. तारबाईंनी डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. मग खरखर पुन्हा आली आणि तिच्यातून दोन शब्द सुटे झाले. "...नाही. सराव नाही." आवाज ड्रायव्हिंगबाईंचा होता. "मागची लिफ्ट. दुसरा आणि तिसरा यांच्या मधे. दोघी आहोत. दुसऱ्या बाई घाबरल्यात."

लिफ्टवाल्याचा हात आपोआप खिशात गेला. किल्ली तिथेच होती, सकाळपासून. पाटी लावायला किल्ली लागत नाही, लिफ्ट बंद करायला लागते. साडेअकराला वीज आली तशी लिफ्टही चालू झाली होती. हे सगळं त्याला एका क्षणात कळलं.

खुर्ची सोडायची तर ती कुणाला तरी द्यायला हवी. जिला द्यायची ती लिफ्टमध्ये होती. तारबाईंना बारीक आवाज सापडत नव्हते. आणि ती लिफ्ट हाताने हलवणारं दुसरं कुणी दवाखान्यात नव्हतं. त्याने घड्याळ पाहिलं. दोन तासांपैकी जेमतेम पन्नास मिनिटं झाली होती. महिनाभर तो या दोन तासांसाठी जगला होता, असं म्हटलं तर ते खोटं नव्हतं. त्याने हे सगळं तीन मोजेपर्यंत मनात येऊ दिलं. मग बटण दाबलं.

"टेकडी, कंट्रोल. सराव नाही, सराव नाही. मागची लिफ्ट अडकली, मी सोडवायला जातो. कंट्रोल तुमच्याकडे देतोय. पुलाचा निरोप बाकी. घेताय का? ओव्हर."

टेकडीवरून तीन मोजण्याएवढी शांतता आली. मग सहा मीटरच्या खांबावरून कंपाउंडरचा आवाज काचेसारखा स्वच्छ आला. "घेतला. तुम्ही जा दादा. ओव्हर."

यंत्राची खोली गच्चीवरच, दहा पावलांवर होती. तरी तो आधी जिन्याने तिसऱ्या मजल्यावर उतरला, कारण माणसं कुठे आहेत ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चाकाला हात लावायचा नाही, हाही उस्तादाचाच नियम. वाटेत पहारेकऱ्याला धरून वर पाठवलं. दाराच्या फटीतून खाली लिफ्टचं छप्पर दिसलं. आतून कुणीतरी पत्र्यावर थपडा मारत होतं.

"मी आलोय," तो म्हणाला. आणि सवयीने थांबला. एक, दोन.

"अहो, इथे मोजू नका," आतून ड्रायव्हिंगबाई म्हणाल्या. "तुम्ही बोला. या लाँड्रीतल्या मावशी आहेत, ट्रॉली जड होती म्हणून मी हात लावायला आत आले."

मग अखंड बोलायला लागला. महिनाभराचं साठलेलं होतं. "मावशी, दारापासून लांब उभ्या राहा, ट्रॉलीला धरा. ही लिफ्ट माझ्या थोरल्या मेहुणीसारखी आहे, आवाज फार करते पण कुणाला पाडत नाही. आत किती चादरी आहेत?"

"मोजल्या नाहीत," एक रडवेला आवाज आला.

"मग मोजा. मोठ्याने मोजा, मला वरपर्यंत ऐकू यायला हव्यात. लिफ्ट हलली तरी मोजणं सोडायचं नाही. चुकलात तर पहिल्यापासून."

तो पायऱ्या दोन-दोन चढून वर गेला. मुख्य खटका पाडून त्याला कुलूप लावलं, पहारेकऱ्याला ब्रेक ढिला करायचा दांडा दाखवला. "मी म्हणेन तेव्हा दाब, मी म्हणेन तेव्हा सोड. मधे स्वतःचं डोकं लावू नको."

"पाटी लावली होती साहेब," पहारेकरी कुजबुजला.

"माहीत आहे. किल्ली माझ्याकडे होती. दाब."

चाक हाताने फिरवायला जोर लागतो. एका वेळी वीतभर. दोरांच्या भोकातून खालून मावशींचा आवाज येत होता, चौदा, पंधरा, सोळा, आणि तोही भोकाशी तोंड नेऊन अधूनमधून ओरडत होता, "ऐकू येतंय, पुढे." सदतिसाव्या चादरीला दोरावरची दुसऱ्या मजल्याची पिवळी खूण जागेवर आली. त्याने दांडा सोडायला लावला, खाली धावला, किल्लीने दुसऱ्या मजल्याचं दार उघडलं. मावशी ट्रॉलीसकट बाहेर आल्या आणि जिन्याच्या पायरीवर बसल्या. ड्रायव्हिंगबाईंनी हातातला कागद सरळ केला.

"पुरुषांच्या वॉर्डाचा निरोप आहे हा," त्या म्हणाल्या. "देऊन येते." आणि गेल्या.

लिफ्टवाला लिफ्ट चाकानेच तळमजल्यावर उतरवून, किल्लीने बंद करून, प्रत्येक मजल्यावर पाटी लावून मगच गच्चीवर आला. बाराला वीस मिनिटं होऊन गेली होती. सेटवर कंपाउंडर पाण्याच्या टाकीचा निरोप घेत होता, शांतपणे, मधे जागा ठेवत. खुर्ची रिकामी होती. लिफ्टवाला तीत बसला, पण बटणाला हात लावला नाही.

टाकीचा निरोप संपल्यावर कंपाउंडर म्हणाला, "गच्ची, टेकडी. कंट्रोल परत घेणार का? ओव्हर."

बोटं मांडीवर टेकली. "टेकडी, गच्ची. लिफ्ट मोकळी, दोघी ठीक. कंट्रोल चालू द्या, मधे बदल नको. ओव्हर."

एक वाजता सराव कंपाउंडरने संपवला.

निकाल तारबाईंनी चार दिवसांनी दिला, टेप दोनदा ऐकून, त्याच वर्गात, त्याच बाकांसमोर. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. "लिफ्टवाल्यांनी खुर्चीत एकोणपन्नास मिनिटं काढली. हाका आल्या एकतीस, बुडाली एकही नाही. शेवटची माझ्या कानाला टेप पूर्ण मोठा केल्यावर सापडली." त्यांनी कागद उलटला. "लिफ्ट बंद करणं हे त्यांचं काम होतं. खुर्चीच्या नादात ते त्यांनी दुसऱ्यावर सोडलं. हेही लिहिलंय. म्हणून खुर्ची पूर्ण मिळणार नाही."

त्यांनी टेबलावरचा तक्ता उचलला.

"महिन्यातले दोन रविवार ड्रायव्हिंगबाई, एक टेकडी, एक तुम्ही. खरी वेळ आली तर तक्त्यात ज्याचं नाव असेल तो. आणि दवाखान्यात सराव असेल त्या दिवशी तुम्ही आधी लिफ्टचं करायचं, किल्ली मुख्य डॉक्टरीणबाईंकडे द्यायची, मगच सेटपाशी यायचं. कबूल?"

सगळ्यांना वाटलं, तो वाद घालणार. ड्रायव्हिंगबाईंनी बाकावर बोटाने टकटक केली. बायकोची युक्ती तिच्याकडूनच त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"कबूल," तो म्हणाला. पूर्ण तीन मोजून.

त्याचा रविवार महिन्यातला चौथा. त्या सकाळी दहाला पाच कमी असताना त्याने घराचा मेन स्विच पाडला. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "मिक्सर फिरत होता माझा, अहो," आणि पुढे आणखी बरंच म्हणाली, शेजारणीपासून गळक्या नळापर्यंत. त्याने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग खुर्ची ओढून सेटसमोर बसला आणि आधी नुसता कान लावला. वाहिनीवर काही नव्हतं. एक. काही नव्हतं. दोन, तीन. त्याने बटण दाबलं.